मक्तेदारी मोडण्याचे माझे चोवीस दिवस

४ मार्च
डोकं फिरलंय. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा वितरक (आम्ही त्याला टायवाला म्हणतो) दुकानात येऊन हसत हसत म्हणाला, छोट्या कंपनीच्या चिप्स ठेवल्यात तर आमचा माल तुम्हाला सगळ्यात शेवटी. माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून! नर्सिंग कॉलेजचे चाळीस कॉम्प्युटर जोडून एकतीसला द्यायचेत. मी ऐकून घेणाऱ्यातला नाही. (ऐकून घेतलं. ती चाल होती.)

५ मार्च, सकाळी ७
निश्चय. मक्तेदारीला चाप लावणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार. बायको म्हणाली, आधी कॉलेजचं काम उरका. तिला तत्त्वाचं काही पडलेलं नाही.

९ मार्च
तक्रार अकरा पानी झाली. 'नराधम' तीनदा. मेहुणा वकील आहे. म्हणतो, दाजी, एक पान पुरे, आणि पाठवण्याआधी मला दाखवा. जळतो.

१२ मार्च
रस्त्यावरच्या सहा दुकानदारांची बैठक घेतली. काय बोललो मी! ठरलं: टायवाल्याचा माल कुणी घ्यायचा नाही आणि सगळ्यांनी एकाच भावाने विकायचं. म्हातारा प्रिंटरवाला कुरकुरला, हे कायद्यात बसतं का? म्हटलं, एकी कुठल्याही कायद्यात बसते. ठराव मी लिहिला, सही मी ठोकली. बाकी सगळे नेमके चष्मा विसरले होते.

१३ मार्च
ठराव तक्रारीला जोडून आयोगाला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. मेहुण्याला दाखवायचं राहिलं.

१७ मार्च
छोट्या कंपनीचा माणूस आला. कागद पुढे केला: वर्षभर फक्त आमच्याच चिप्स. तिथल्या तिथे सही केली. टायवाल्याची ती जबरदस्ती, ही निष्ठा. फरक कळायला अक्कल लागते. माल कधी, विचारलं. "येईल की!"

२२ मार्च
आला नाही. प्रिंटरवाल्याच्या दारात मात्र टायवाल्याचा टेम्पो! फितूर! तोंडावर जाब विचारला. शांतपणे म्हणाला, "अहो, पोट आहे." संतापाने जेवलो नाही. म्हणजे, दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

२६ मार्च, दुपारी
आयोगाचं पत्र!! बायकोला मोठ्याने वाचायला लावलं, शेजाऱ्यांनाही ऐकू जावं म्हणून. दुसऱ्या ओळीला तिने उठून खिडकी लावून घेतली. चौकशी लागलीय. माझी. संगनमताने भाव ठरवल्याबद्दल. पुरावा: मीच पाठवलेला ठराव.
मेहुण्याला फोन केला. त्याने पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "दाजी, रजिस्टरने पाठवलंत?"
हसत होता नालायक.

२७ मार्च
टायवाल्याच्या ऑफिसात गेलो. नमतं घ्यायला नाही, वाटाघाटीला. दीड तास बाकावर बसवलं. शेवटी बाहेर आला. म्हटलं, चाळीस चिप्स द्या, म्हणाल तिथे सही करतो.
त्याने हात जोडले. म्हणाला, "साहेब, तुमच्यावर चौकशी चालू आहे. आमची कंपनी कायद्याला फार मानते."