शिवून ठेवलेला शेवट

मी, यज्ञेश विष्णु आठल्ये, वय वर्षे सत्तावीस, धंदा पुस्तकबांधणी, राहणार दूधविनायक, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, शाई न बदलता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा कागद रुग्णालयाने आधीच घेतला असून त्याची प्रत सोबत टाचली आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. आईने उलट दोन वर्षे माझ्याकडून काही घ्यायचे नाही असाच हट्ट धरला होता.

येत्या सोमवारी लखनौला माझे डावे मूत्रपिंड काढून आईला, म्हणजे श्रीमती विद्युल्लता आठल्ये यांना, बसवणार आहेत. देणाऱ्याला धोका फार थोडा, असे डॉक्टर म्हणाले. किती थोडा, हे मी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ते हसले. म्हणून हे लिहून ठेवतो.

१. घर भाड्याचे आहे, ते मला कुणाला देता येत नाही. बँकेत जे शिल्लक असेल ते आईच्या औषधांना.

२. हत्यारे, म्हणजे पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, तीन दाभणे, हाडाची पट्टी आणि मेण लावलेल्या दोऱ्याची रिळे, माझे काका श्री. देवदत्त आठल्ये यांच्या ब्रह्मा घाटावरच्या पाठशाळेला द्यावीत. तिथल्या पोथ्यांना काका चिकटपट्टी लावतात. ती लावू नये. तेराव्या वर्षी मी पाठशाळा सोडली तेव्हा काका सगळ्यांसमोर मला "अर्धवट" म्हणाले होते. मी ते विसरलेलो नाही, पण पोथ्यांचा त्यात काही दोष नाही.

३. माझ्याकडची सात पुस्तके बकुळ वैशंपायन यांची आहेत, त्यांना परत करावीत. बकुळ मुलींच्या वसतिगृहात वाचनाचे कपाट चालवतात. तिथली फाटलेली पुस्तके माझ्याकडे बांधायला येतात आणि ती बहुतेक एकाच जातीची असतात: रक्त पिणारा, तीनशे वर्षे न मेलेला देखणा पुरुष आणि त्याच्यावर जीव जडलेली साधी मुलगी. इंग्रजीवरून हिंदीत आणलेली, मुखपृष्ठावर चंद्र.

ही पुस्तके मी का वाचली, हे लिहून ठेवणे मला जरूर वाटते. पुस्तक कुठे वाचले गेले हे बांधणीवाल्याला न वाचता समजते. पुन्हा पुन्हा उघडले जाते त्या पानापाशी शिलाई उसवते. मला वाटले होते, ती चावण्याच्या पानाला उसवलेली असेल. तसे नव्हते. सात पुस्तके, सात वेगळे लिहिणारे, आणि सगळी एकाच जागी उसवलेली. तो तिच्या मानेपाशी वाकतो, भूक अनावर झालेली असते, आणि तो थांबतो. त्या पानावर काहीच घडत नाही. तरी वसतिगृहातल्या कितीतरी मुलींनी तेच पान उघडून ठेवले होते, कडांना त्यांच्या बोटांचा डाग होता. मी दाभण खाली ठेवून बराच वेळ त्या डागाकडे पाहत राहिलो. हवे ते ओरबाडून घेण्याची ताकद असलेला कुणी नुसता थांबतो, आणि एवढ्या जणी ते बघायला परत परत येतात. आम्हांला शाळेत कुणी असे काही शिकवले नव्हते. मी सहा वाचून संपवली, सातवे आईबरोबर वाचायला ठेवले.

४. हीच गोष्ट मी आईला मराठीत सांगू लागलो. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, डायलिसिसमध्ये तिचे रक्त नळीतून बाहेर जाते आणि यंत्रातून फिरून परत येते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "यज्ञा, माझंही पितोय रे हा. पण प्यायलेलं परत देतो, सभ्य आहे." यंत्र सांभाळणारे मोहनभैया म्हणाले, "माताजी, हमारी मशीन शाकाहारी है." तेव्हापासून आई यंत्राला एमिल म्हणते. एमिल हा सातव्या पुस्तकातला नायक.

आता काकांची हकिगत. बाबा गेले त्या वर्षी आईने क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. इथे मेलेला सुटतो. संकल्प काकांनीच सांगितला होता. पुढे तिची मूत्रपिंडे निकामी झाली, नवे बसवायचे तर लखनौ, आणि लखनौ सीमेबाहेर. "बाहेर मेले तर अडकेन," एवढेच ती म्हणायची. मी दोन वर्षे हात जोडले.

श्रावणात काका डबा घेऊन आले तेव्हा आई गुंगीत बोलत होती, "उशाशी येऊन बसतो. भूक लागलेली असते, पण चावत नाही बिचारा." काकांनी मला काही विचारले नाही. आईलाच विचारले, "वहिनी, नाव काय त्याचं?" काकांना गोष्टीची गोडी लागली असे समजून तिने आनंदाने सांगितले. दुसऱ्या दिवशी काका पिशाचमोचन कुंडावर जाऊन त्रिपिंडी श्राद्ध करून आले. कागदावर लिहिले होते, "एमिल, गोत्र माहीत नसल्याने काश्यप." दर्भ, तीळ, यथासांग. संध्याकाळी घामाघूम होऊन प्रसाद घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, आता निर्धास्त राहा. सोडवला त्याला."

मला हसू आले, पण आईचा चेहरा पाहून ते विरले.

"भाऊजी, तुम्ही त्याला विचारलंत का?"

"कुणाला?"

"एमिलला. त्याला सुटायचं असतं तर तीनशे वर्षं थांबला असता का तो? त्या पोरीसाठी थांबलाय."

काका म्हणाले, "वहिनी, पिशाच्चाला काय विचारायचं?" प्रसाद हातात तसाच धरून आई माझ्याकडे वळली. म्हणाली, "यज्ञा, लखनौचं तिकीट काढ."

"तुमचा क्षेत्रसंन्यास आहे!" काका ओरडले.

"असू दे. सुटायची मला एवढी कसली घाई आहे? हा एकटा राहील."

त्यानंतर काका आठ दिवस आमच्याकडे आले नाहीत. नवव्या दिवशी दारातूनच म्हणाले, "सीमेपर्यंत, वरुणेच्या पुलापर्यंत मी सोबत येतो. पुढे तुमचं तुम्ही." काकांविषयीची माझी तक्रार इथे संपली असे समजावे. "अर्धवट" मात्र परत घ्यावे.

५. मी लखनौत मेलो तर देह काशीला आणण्याचा आटापिटा करू नये, तिथेच अग्नी द्यावा. मी अडकेन अशी काळजी आईने करू नये. काकांना विनंती की माझ्या नावाने पिशाचमोचनावर बसू नये. मला माझे गोत्र माहीत आहे आणि वाटही. अडकलोच, तर आपण होऊन थांबलो आहे असे धरावे. आईच्या उशाशी कधी कुणी बसल्यासारखे वाटले तर तिने घाबरू नये, आणि कुणाला बोलावू नये.

६. सातव्या पुस्तकाची शेवटची चाळीस पाने आम्ही वाचलेली नाहीत. एमिल माणूस होतो, की ती त्याच्यासारखी होते, की दोघे दुरावतात, मला ठाऊक नाही. "उरलेलं शुद्धीवर आल्यावर," असे आईने ठरवले. मी चोरून वाचीन असा तिला संशय आहे, म्हणून तिच्यादेखत ती पाने कडेने दोऱ्याने शिवून टाकली. हे पुस्तक लखनौच्या पिशवीत सर्वांत वर आहे.

मी शुद्धीवर आलो नाही, तर दोरा आईने कापावा आणि बकुळ यांनी तिला ती पाने मराठीत सांगावीत. सावकाश सांगावे, आई मध्ये मध्ये प्रश्न विचारते. शेवट दुःखाचा असेल तर तो बदलू नये, तिला कळते. आम्ही दोघेही परतलो नाही, तर बकुळ यांनीच दोरा कापून पुस्तक कपाटात ठेवावे. चार मुली त्याची वाट पाहत आहेत.

साक्षीदाराला काही मिळता कामा नये असे वकिलांनी सांगितले, म्हणून मोहनभैयांच्या नावे मी काही ठेवलेले नाही. त्यांनी राग मानू नये.

हे मी वाचले, पुन्हा वाचले, आणि माझ्या समक्ष खालील दोघांनी सह्या केल्या.

(सही) यज्ञेश विष्णु आठल्ये

साक्षीदार:
१. मोहन प्रसाद, डायलिसिस विभाग
२. शरदिनी खांडेकर, निवृत्त शिक्षिका, शेजारी

दूधविनायक, वाराणसी
दि. १४ नोव्हेंबर २०२४

सह्या झाल्यावर आईने हा कागद मागून वाचला. तिच्या सांगण्यावरून, साक्षीदारांसमोर, एवढे जोडतो: "कलम पाच मान्य. कलम सहा अमान्य. दोरा मी कापणार नाही. वाचायला तूच ये."