आधी सर वाचतील

४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? इथे सगळं ठीक, फक्त माझा लेख अजून टेबलाच्या खणात पडलाय. बसथांब्यावर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला कशी लागतात, त्यावरचा. आमच्या विद्यापीठातल्या विभागात लेख मासिकाकडे धाडण्याआधी शुक्रवारच्या बैठकीत वाचावा लागतो, आणि वाचायचा मान सेवाज्येष्ठतेने. पहिला मान सरांचा. ते दर वेळी आपला लेख पुढच्या शुक्रवारी वाचतो म्हणतात आणि आम्ही चहा पिऊन उठतो. अशी दोन वर्षं गेली. महिनाअखेरीस मासिकाची मुदत संपते. खरं सांगू? आता मलाच तो लेख भिकार वाटायला लागलाय. पाठवूच नये म्हणते.

लोभ आहेच, वर थोडं रागावलीस तरी चालेल.
तुझी भाची

९ जुलै

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतो पण चालतो, तुमच्या विभागापेक्षा बरा. थांब्यावर अनोळखी माणसं बोलतात आणि तुमच्याकडे ओळखीची तोंडं मिटून बसतात, त्यावर लिही की!

शाळा माझी लवकर सुटली, पुढचं वाचन माझं मीच केलं. एखादी ओळ आवडली की अजून मान वर होते, यांना ऐकवायला. समोर कुणी नसतं. मग मी ती मोठ्याने वाचते आणि पान उलटते. दोन वर्षं कुणी ऐकलंच नाही तर लेख भिकार वाटणारच गं. तुझ्या सरांचंही तेच झालं नसेल कशावरून? त्यांना एकटं गाठ आणि कुठे अडलंय ते विचार. आगाऊ म्हणाले तर आत्यावर गेलेय म्हणून सांग.

माया आहे तशीच राहू दे.
आत्या

२० जुलै

ती. आत्यास सा. न.

विचारलं! सर आधी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, शेवट सुचत नाही, आणि सगळ्यांत ज्येष्ठाने अर्धवट कसं वाचायचं? मी म्हटलं, माझा पूर्ण आहे, फक्त वाईट आहे. ते इतके हसले की शिपाई डोकावून गेला. बैठकीत त्यांनीच जाहीर केलं, आज धाकटीपासून सुरुवात.

वाचून झालं आणि सगळे तुटून पडले. कुणी म्हणे तिसरा भाग उडव, कुणी म्हणे तोच तर जीव आहे. चहा गार झाला तरी कुणाचं लक्ष नाही. घरी येऊन तिसरा भाग नीट केला आणि लेख पाठवून दिला.

तुझी आगाऊ भाची

५ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

मासिकाने लेख परत पाठवलाय, सोबत पानभर हरकती. एरवी तो थेट खणात गेला असता. मी तसाच बैठकीत घेऊन गेले, तर सरांनी हात आडवा केला. आज ते स्वतः वाचणार होते, शेवटाशिवाय. त्यांच्यामागे आणखी दोघं कागद सावरत उभे. माझी पाळी म्हणे पुढच्या शुक्रवारी.

आत्या, काय भांडले मी त्या पाळीसाठी!

अशीच पाठीशी राहा.
भाची