वाढप्याला कुणी पैसे देतं का, मामा?

धाराशिव,
दिवाळी सरल्यावरचा सोमवार

तीर्थरूप कल्याणप्पा मामांच्या पायाशी भाचा शंभुलिंग याचा शरणु शरणार्थी.

ऊटा आयता, जेवण झालं का? गुडघ्याला तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? इकडं आम्ही ठीक आहोत. शिवम्माची कंबर अधूनमधून कुरकुरते, माझी शुगर डॉक्टरच्या मर्जीनं चालते, आणि भांड्यांचं दुकान आता मी दुपारच्या झोपेपुरतं उघडतो. पत्र का लिहितोय म्हणाल, तर तुमच्या त्या फोनपायी. मी बोलतो, तुम्ही ‘हां हां’ म्हणता आणि ठेवून देता. मग आठ दिवसांनी कळतं की मामांना काहीच ऐकू आलं नव्हतं (किंवा सगळं ऐकू आलं होतं, हेच जास्त खरं). पत्र असं मधेच ठेवून देता येत नाही. शिवाय पोस्टमन तुमच्याच गल्लीतला, वाचलं का म्हणून दारात उभं राहून विचारल्याशिवाय तो राहायचा नाही.

परवा तुमचा शेजारी वीरप्पा बाजाराला आला होता, त्यानं तुमचा निरोप दिला. गायत्रीच्या लग्नाला येणार, अक्षता टाकणार आणि दुपारच्या यष्टीनं माकणीला परत, जेवणार नाही. मामा, माझ्या पोरीचं लग्न आणि तुम्ही मांडवातून उपाशी जाणार? कारण मला ठाऊक आहे. दोन वर्षांमागं उमरग्याच्या त्या लग्नात तुम्ही गव्हाच्या गोड हुग्गीची बादली घेऊन पंगतीत वाकला होतात, आणि नवरदेवाकडच्या कुण्या कोट घातलेल्या पाहुण्यानं तुमच्या खिशात नोट कोंबली, ‘घ्या काका, चहापाण्याला.’ तुम्ही बादली तिथंच खाली ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेलात. तेव्हापासून कुणाच्या लग्नात तुम्ही वाढत नाही, आणि वाढत नाही म्हणून जेवतही नाही. तुमचा हा रुसवा काढायचाच असं ठरवून मी लिहायला बसलोय. पण त्यासाठी आधी बोटीचं सांगावं लागेल, जरा दम धरा.

शिवकुमारला पुण्यात बढती मिळाली. त्या खुशीत पोरानं आम्हा दोघांना सिंगापूरहून सुटणाऱ्या एका मोठ्या बोटीवर नेलं. बोट म्हणजे आपल्या धरणातली होडी डोळ्यापुढं आणू नका. अख्खं माकणी तिच्यात बसवून वर लोहाऱ्याचा आठवडी बाजार भरवला तरी जागा उरेल. मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी खात बसलेलं. खोली आवरायला एक माणूस यायचा, तर शिवम्मानं पहिल्या दिवशी त्याला हातच लावू दिला नाही. तो यायच्या आत चादरींच्या घड्या, झाडू मिळेना म्हणून ओल्या फडक्यानं फरशी पुसलेली, आणि वर त्यालाच विचारते, चहा घेता का? बिचारा बेजार झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला गेलेलो बघून त्यानं डाव साधला आणि टॉवेलाचा हत्ती करून पलंगावर बसवून गेला. तो हत्ती मोडायचं हिच्या जिवावर आलं. पुढं बोट सोडेपर्यंत आम्ही दोघं पदराला तोंड पुसत होतो.

जेवणघरात आमच्या टेबलाला रोमेल नावाचा फिलिपाइन्सचा गडी होता, चाळिशीतला. आम्ही मांस-अंडं खात नाही हे त्यानं पहिल्याच रात्री ध्यानात ठेवलं, आणि माझ्यासाठी कुठूनतरी वरणभात पैदा करून आणायला लागला. आणि वाढणं काय सांगू! ताटात भाताचं शीत उरलेलं असतानाच त्याची नजर तिथं पोचलेली. कमरेत वाकून, हसून, ‘पापा, अजून थोडा’ म्हणत वाढायचा (पापा म्हणजे मी). मला तर सारखे तुम्ही दिसत होतात, मामा. दोन दिवसांत मी त्याला भावकीतलाच धरून चाललो होतो. तेवढ्यात शिवकुमारनं सांगितलं की बोटीवर प्रत्येकाच्या डोक्यामागं रोजची टीप आपोआप आपल्या खात्यातून कापली जाते. मला वाटलं, डिपॉझिट असेल, परत मिळेल. तर म्हणे नाही पप्पा, रोमेल वाढतो, त्याची बक्षिसी.

माझं डोकंच सटकलं. वाढप्याला कुणी पैसे देतं का? शिवकुमार समजावत बसला की अमेरिकेत टीप ठेवली नाही तर माणसाला बेअदब समजतात, आणि जपानात ठेवली तर वाढणाऱ्याला अपमान वाटतो, तो रस्त्यात मागं पळत येऊन पैसे परत करतो. हे ऐकल्यापासून जपान आपल्या लोहारा तालुक्यातच कुठंतरी असावं अशी माझी खात्री होत चाललीय. शेजारच्या टेबलावर एक जपानी म्हातारा होता. मी त्याला उठून नमस्कार केला. त्यानंही उठून केला. मी परत केला, त्यानंही परत केला. शेवटी शिवम्मानं सदरा ओढून मला खाली बसवलं.

त्या रात्री झोप लागेना, आणि मनात माकणीच्या पंगती उठायला लागल्या. आठवतं का, मी चड्डीत होतो तेव्हा तुम्ही माझ्या हातात मिठाची वाटी दिली होती? पत्रावळीच्या कुठल्या कोपऱ्यात मीठ, कुठल्या कोपऱ्यात चटणी, आणि वाढताना पाय पत्रावळीला लागला तर तुमचा आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मिठात दोन वर्षं काढली तेव्हा पाण्याचा तांब्या मिळाला. मग भजी, मग वरण, आणि मिसरूड फुटल्यावर हुग्गीची बादली. ती बादली पहिल्यांदा हातात आली त्या दिवशी मला जेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं, तेवढं पुढं स्वतःच्या लग्नातही वाटलं नाही (हे शिवम्माला वाचून दाखवू नका). तूप मात्र तुम्ही कुणालाच दिलं नाही, ते तुमच्याच हातून. आणि सगळं गाव जेवून उठलं की शेवटची पंगत वाढप्यांची. नवरीचे भाऊ, भाचे, भावकीतली पोरं, घामानं चिप्प झालेले, एका ओळीत. तेव्हा चन्नम्मा मामी पदर खोचून पुढं यायच्या आणि आम्हाला वाढायच्या. त्या पंगतीची चव मला पुन्हा कुठंच लागली नाही, मामा. लई आठवण येते. त्या बोटीवर रात्रभर खायला मिळत होतं, आणि मी पोटभर जेवून उपाशी असल्यासारखा छताकडं बघत पडलो होतो.

सकाळी उठलो ते ठरवूनच. रोमेल आपल्याला वाढतो, तर शेवटी त्याला बसवून वाढायचं. रात्रीचं जेवण झाल्यावर मी जागचा हललो नाही. जेवणघर रिकामं होत गेलं. रोमेल आला तशी मी खुर्ची मागं ओढली आणि बस म्हणून खूण केली. तो घाबरला. त्याला वाटलं, काहीतरी तक्रार आहे. त्यानं आपल्या वरच्या माणसाला बोलावलं, त्यानं त्याच्या वरच्याला, आणि पाच मिनिटांत कोट घातलेला मॅनेजर माझ्यापुढं हात जोडून उभा. मी आपला खुर्चीकडं बोट दाखवतोय आणि ‘ही इट, आय वाढ’ म्हणतोय. मॅनेजरनं बराच वेळ मान डोलावली आणि आत गेला. मग आतून दिवे लावलेला केक आला आणि त्याच्यामागं टाळ्या वाजवत सगळे वाढपी. मला मध्ये घेऊन वाढदिवसाचं गाणं म्हटलं. माझा वाढदिवस श्रावणात असतो. शिवकुमारनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. केकात अंडं, म्हणजे तोही खाता येईना.

दुसऱ्या दिवशी आणखी एक झालं. काउंटरपुढं आपल्या देशातल्या लोकांची ही लांब रांग दिसली. मला वाटलं, काहीतरी वाटतायत, म्हणून मीही लागलो. माझा नंबर आल्यावर ती बाई गोड आवाजात विचारते, टीप काढून टाकायची का? ती रांगच त्यासाठी होती! इतकं मनापासून वाढलेलं चापून खायचं, आणि मग रांग लावून त्याची बक्षिसी कापायची. आणि त्या रांगेत, छाती काढून, मी. तेवढ्यात शिवकुमार तिथून गेला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की समुद्रात उडी मारावीशी वाटली. मी ‘नो नो’ करत पळालो. पण चालता चालता मनात आलं, मी तरी वेगळं काय म्हणत होतो? पैसे नकोत असंच ना?

पुढच्या दिवशी बोट पिनांग नावाच्या बंदरात थांबली. आम्ही समुद्राकडेच्या कट्ट्यावर बसलो आणि शिवम्मानं धपाट्यांचा डबा उघडला (बोटीवर एवढं जेवण असताना धपाटे कशाला, असं विचारणाऱ्या शिवकुमारनं त्यातले दोन आधीच हाणले होते). तोच समोरून रोमेल आणि बोटीवरचे त्याचे पाचसहा सोबती साध्या कपड्यांत येताना दिसले. त्यांना घटकाभर सुट्टी होती. मी सरळ जाऊन त्याचा हात धरला. आता ना टेबल, ना मॅनेजर. सगळ्यांना कट्ट्यावर एका ओळीत बसवलं, मांडीवर कागदी रुमाल पसरले, आणि मामा, मी वाढायला वाकलो. आधी शेंगाची चटणी, मग धपाटा, मग शेंगापोळी, क्रम चुकू दिला नाही. हातानंच जेवणारी माणसं निघाली ती, चाटूनपुसून खाणारी. दुसऱ्या फेरीला रोमेलनं पोळीवर दोन्ही हात आडवे धरले. माकणीत लोक ‘साकू, साकू, पुरे’ करत पत्रावळीवर आडवे पडायचे, तरी तुम्ही बोटांच्या फटीतून हुग्गी सोडायचातच. मी त्याच्या बोटांवरच शेंगापोळी ठेवली. अशी हसली ती सगळी! न सांगता शिवकुमार पाण्याची बाटली घेऊन ओळीतून फिरायला लागला. माझी कंबर मोडली होती, पण कित्येक वर्षांत असा आनंद झाला नव्हता.

आता खरी गोष्ट. आमच्याच बोटीवरची एक अमेरिकन बाई, साठीच्या पुढची, कौतुकानं बघत उभी होती. शिवम्मानं तिलाही ओळीत बसवलं. चटणीनं तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी पुन्हा मागून खाल्ली. आणि उठताना तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशात नोट कोंबली. माझे कान तापले. डबा खाली ठेवावा, चपला घालाव्यात आणि चालू लागावं असंच वाटलं, तुमची आण. तेव्हा मला उमरगा कळलं.

पण शिवकुमारनं तिला आमची रीत सांगितली. बाई गोरीमोरी झाली. म्हणाली, कॉलेजात शिकताना ती स्वतः हॉटेलात ताटं उचलायची. कुणी टेबलावर काही ठेवून गेलं, तर आपलं राबणं त्या माणसाला दिसलं असं तिला वाटायचं. एवढं प्रेमानं वाढलेलं खाऊन तसंच उठून जायला तिला जड गेलं, म्हणून दिलं. तिनं शिवम्माचा हात धरून माफी मागितली, नोट मात्र परत घेतली नाही. मग मी ती रोमेलला दिली. त्यानं संकोच केला नाही. त्या पैशावर त्याच्या पोरीची शाळा चालते म्हणे. आणि माझा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला, वडीलधाऱ्यांना त्यांच्याकडं तसा नमस्कार करतात. जेवणही त्याला गोड लागलं आणि पैसाही. मी उगंच दोन्हीचं भांडण लावत बसलो होतो.

म्हणून म्हणतो मामा, त्या उमरग्याच्या कोटवाल्याला सोडून द्या. गाढवच होता, पण तुमचं वाढणं त्याला दिसलं होतं आणि काय करावं हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याला कुणी तुमच्या पंगतीत मीठ वाढायला लावलं नव्हतं. त्याच्यापायी माझ्या पोरीच्या मांडवातून उपाशी जाऊ नका. तुम्ही जेवला नाहीत तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तुमचा
शंभुलिंग

ता. क. लग्नात बादल्या तुमच्या ताब्यात राहतील. सगळी पंगत खाली बसून, पत्रावळीवर, तुम्ही म्हणाल तशी.

आणखी एक ता. क. वरचं मी जरा भरात लिहिलं. केटररला पैसे देऊन झालेत आणि व्याह्यांना उभ्यानंच खायचंय, पाणीपुरीसकट. पण आदल्या दिवशी घरच्या गुगुळाच्या कार्याला आपलीच माणसं असतील. ती पंगत नक्की तुमची. पुन्हा कुणी खिशात नोट घातलीच तर भांडू नका, मला द्या.

मामा, मी शिवम्मा लिहितेय. ह्यांनी एवढी पानं भरली, पण जे लिहायचं म्हणून बसले ते लिहायला धीर झाला नाही. आता पेन माझ्याकडं देऊन अंगणात उभे आहेत. लग्नात तुम्ही वाढा नाहीतर वाढू नका. वीरप्पा सांगत होता, सकाळी एकदाच भाकरी थापता आणि रात्री तीच गार भाकरी दिवा न लावता खाता. मामी गेल्यापासून तुम्हाला अजून घे म्हणणारं कुणी राहिलं नाही. गायत्री सासरी गेली की इथं आम्हीही दोघंच. तिची खोली तुमच्यासाठी ठेवलीय, न्हाणीघर लागूनच आहे, गुडघ्याला त्रास व्हायचा नाही. तेव्हा गुगुळाला येताना सगळे कपडे घेऊन या आणि किल्ली वीरप्पाकडं देऊन या. शिवकुमार गाडी घेऊन येतोय, तुम्ही बसल्याशिवाय माकणीतून हलू नको असं मी त्याला बजावलंय.