ग्रेस मार्क

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम वि. वि.

खोकला गेला का? औषध वेळेवर घे. नर्स असून स्वतःच्या बाबतीत तू अगदी ढ आहेस. इकडे मी ठणठणीत, एक पोट सोडून. ते हल्ली केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

बातमी अशी, की वहिनी परत आली. हो, तीच. दादा अंथरुणाला खिळल्यावर त्याला टाकून गेलेली. शेवटपर्यंत त्याचं सगळं मी काढलं, आणि ही आता चर्चच्या मागच्या बाकावर बसून रडते. येत्या रविवारी तिला आपल्या सगळ्यांबरोबर प्रभुभोजनाची भाकर घ्यायचीय म्हणे! मी पाळकसाहेबांना स्पष्ट सांगितलं, की आधी वर्षभर नीट वागून दाखवू दे. त्यांनी हसत विचारलं, की बाई, ग्रेस मार्कसुद्धा नाही का. मी म्हटलं, की जन्मभर गणित शिकवलं, कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही, पोरं उगाच भोपळाबाई म्हणत नव्हती. वळले तर दारात वहिनी. ऐकलं असेल तर बरंच झालं.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी ताई

१० मार्च

चि. धाकटीस, अ. आ. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. लाजेने जीव नकोसा झालाय.

काल प्रभुभोजनाच्या रांगेतच पोटाने दगा दिला. सगळ्यांच्या देखत, पांढऱ्या कपड्यांत. माझी एक जुनी विद्यार्थिनी नाक दाबून बाजूला झाली. मला हलताच येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरून वहिनी आली, स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळली आणि हाताला धरून घरी घेऊन आली. न्हाणीघरात तिने मला तान्ह्या पोरासारखं धुतलं. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. त्या दिवशी दारात सगळं ऐकलंस ना, असं विचारलं, तर हो म्हणाली. मग कपडे पिळता पिळता म्हणाली, की दादाचं हे असलं करणं आपल्याला झेपणार नाही, या भीतीनेच ती पळाली होती.

आज सकाळीच पाळकसाहेबांना सांगून आले, की वहिनी पास झाली, तिला प्रभुभोजन द्या. तरी माझ्या मनाला चैन नाही. का ते तू सांग.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

रोग्यांचं मी रोज धुते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरला मात्र दाखव, टाळाटाळ नको.

रागावू नकोस, पण पास-नापास तू अजून सोडलं नाहीस. तिने तुला धुतलं म्हणून तू तिला मार्क दिलेस. पण तिने शाल गुंडाळली, ती तुझे कुठले मार्क बघून? तू तर तिला भोपळा दिला होतास. जास्त बोलले असेन तर भेटल्यावर कान उपट.

मोठ्या मनाने सांभाळून घे.
तुझी धाकटी

७ एप्रिल

चि. धाकटीस, अ. आ. वि. वि.

कान तर तूच माझे उपटलेस. डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, पोट ताळ्यावर आहे. मन नाही.

काल प्रभुभोजन होतं. सगळे उठले, मी बाकावरच बसून राहिले. कुठल्या तोंडाने जाणार होते? वहिनी माझ्यापाशी येऊन थांबली. मी तिला हळूच सांगितलं, की तू जा, मी नापास आहे. तर ती हसली ग, आणि म्हणाली, की आपण दोघीही ग्रेस मार्कवाल्याच, उठा आता.

ती पुढे, मी तिच्या मागे. मी हात पसरला. पाळकसाहेबांनी काही न विचारता त्यावर भाकर ठेवली.

तिची शाल धुऊन, इस्त्री करून परत द्यायला नेली होती. राहू द्या म्हणाली. तुला ठाऊक आहे, फुकटचं मी कधी कुणाचं घेत नाही. ही ठेवून घेतली.

तुझ्या मायेला पात्र नसलेली, तरी तुझीच,
ताई