चाळीस डावे मोजे

ती. आत्या,

तुझ्या पायांना नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याला जरा लांबूनच). जिना चढवतो का आता? मी ठणठणीत आहे. बरं नव्हतं ते माझ्या यंत्राला, म्हणून पत्राला उशीर झाला.

मी लागलोय त्या मोज्यांच्या कारखान्यातल्या विणयंत्राच्या पोटात जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकभाषेचं एक चिमुकलं इंजिन आहे. नक्षी समजावली की मुकाट विणतं, पण बंद केलं की पाटी कोरी. आमच्या मुख्य विणकर बाई (त्यांना सगळेच ताई म्हणतात, मालकसुद्धा) महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. तीस वर्षांच्या नक्ष्या त्यांनी आठ दिवस बसून यंत्राला सांगितल्या. आठव्या दिवशी शिपायाने सवयीने बटण बंद केलं आणि सकाळी यंत्र ओळखच दाखवेना! ताई पहिल्या टाक्यापासून पुन्हा सांगायला बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी ठरवलं, सगळं बटण बंद झालं तरी टिकणाऱ्या फाइलीत उतरवून ठेवायचं. पण डाव्या मोज्याचा जोडीदार उजवा, उजव्याचा डावा. यंत्र डावा लिहायला गेलं की त्यात उजवा, त्या उजव्यात पुन्हा डावा; जागा संपेपर्यंत लिहीतच राहिलं. जोडीदार गाळून पाहिला, तर दुपारपर्यंत चाळीस मोजे विणून झाले, सगळे डावे.

ताई म्हणाल्या, "अरे, जोडीदार आख्खा कशाला लिहितोस? नुसता नंबर लिही. हा सात, ह्याचा जोडीदार आठ."

मी तसंच केलं. आता यंत्र पुन्हा सुरू केलं की त्याने फाइलीतून आधी सगळे मोजे मांडायचे, मग नंबर पाहून जोड्या लावायच्या. टाच वळवायची रीत मात्र फाइलीत उतरेना (आकडे उतरतात, रीत नाही), म्हणून ती यंत्राच्या मूळ घडणीतच कायमची बसवली (तिथलं बंद केल्यावरही पुसत नाही) आणि फाइलीत फक्त तिचं नाव लिहिलं.

तेव्हापासून एक कुतूहल छळतंय: फाइलीतून परत येईल तो मोजा कालचाच, की हुबेहूब दुसराच कुणी? ताईंना विचारलं. म्हणाल्या, "पायात बसला की झालं."

तुझा भाचा

ता. क. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

ता. क. २. खरं सांगू? यंत्र त्यानंतर अजून बंदच केलेलं नाही. परवापासून चालू आहे. शिपायाला मी खोलीत फिरकू देत नाही. ताईंचा हात धजत नाही, माझा तर त्याहून नाही. माझा दुधाचा दात दोरा बांधून उपटताना तुझा हात जराही थरथरला नव्हता. शनिवारी येऊन तेवढं बटण दाबशील का?