फक्त एक नाव

मंगळवार, ३ डिसेंबर

घेऊन गेले मोकरानला! ऑलिव्हच्या झाडावरून उतरवून नेलं. खाली जाळी पसरलेली, मी आणि सासू वेचत होतो, तो शिडीवर. तीन पोलीस बांधावरून आले. "उतर, दोन प्रश्न विचारायचेत." दोन प्रश्नांना गाडी कशाला लागते? उतरला. हात पँटला पुसले आणि मला म्हणाला, "जेजिगा, ती वरची फांदी राहिलीय बघ." माणूस आहे की कोण! बेड्या पडायची वेळ आली नि याला फांदीची पडलीय.

सासू, म्हणजे यम्मा (आमच्याकडे आईला यम्माच म्हणतात), गाडीमागे रस्त्यापर्यंत धावली. सत्तरी उलटलेली बाई, एका पायात चप्पल. परत आली आणि पुन्हा वेचायला बसली. मलाच शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

गुन्हा काय? आमच्या गॅरेजात दर शुक्रवारी वीसेक माणसं बसून प्रार्थना करतात. चर्चच्या दाराला सरकारने लाखेचं सील लावलं, त्याला वर्ष झालं. मग बसायचं कुठे? माझी शिलाई मशीन भिंतीला सरकवायची नि खुर्च्या मांडायच्या. एवढंच.

बुधवार, ४ डिसेंबर

भेट नाही. चौकीत ब्लँकेट ठेवून घेतलं, भाकरी परत दिली. हा कुठला कायदा!

गुरुवार, ५ डिसेंबर

वकीलबाई तिझिरी त्याला भेटून आल्या. पोलिसांना मोकरान नकोच आहे म्हणे. त्यांचा एकच प्रश्न: "तुला या धर्मात कोणी नेलं? नाव सांग आणि घरी जा." मुसलमानाला फितवणाऱ्याला कायद्याने कित्येक वर्षं आत टाकता येतं. त्यांना तो फितवणारा हवाय. नाही सांगितलं तर मोकरानच बाकीच्यांना फितवतो असा खटला भरणार. म्हणजे तोच आत.

"काय म्हणतो तो?"

"म्हणतो, माझा मी गेलो. कोणी नेलं नाही."

"कान लाल झाले होते?"

वकीलबाई चकित. "हो! का हो?"

खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. लग्नाला बारा वर्षं झाली, मला माहीत नसेल? कुणाला तरी पाठीशी घालतोय. कुणाला ते सांगायला नको. दा बेलाइद. आमच्या चर्चचे पाळक.

शुक्रवार, ६ डिसेंबर

आज गॅरेज रिकामं. खुर्च्या उगाच मांडल्या, उगाच आवरल्या. झग्याची एकच शिवण दोनदा घातली, दोनदा उसवली.

दुपारी दा बेलाइद मागच्या दाराने आले. बिनसाखरेची कॉफी हातात धरून बसले. "पोरी, मीच जाऊन हजर होतो."

मी खेकसलेच. "बसा गप! तुम्ही गेलात की तुमच्याकडून वीस नावं मागतील."

त्यांनी प्रार्थना केली. मला एक शब्द ऐकू आला नाही. मी रस्त्यावरच्या गाड्या ऐकत होते.

पण खरं लिहायचं तर ते "हजर होतो" म्हणाले तेव्हा क्षणभर मनात आलं, जा ना मग! फार लाज वाटली. अजून वाटतेय.

सोमवार, ९ डिसेंबर

शेजारीण औडिया ऑलिव्ह वेचायला येते म्हणाली होती, आली नाही. कंबर धरली म्हणे. तीन घरांत एकदम कंबर धरली आमच्या आळीत.

मंगळवार, १० डिसेंबर

यम्मा मला पिराच्या दर्ग्याला घेऊन गेली. घेऊन म्हणजे ओढून. तिचं हे कायमचंच. कुणाला ताप आला, दर्गा. गाय आटली, दर्गा. "यम्मा, मी ख्रिश्चन आहे." "असशील, पण पायांना काही झालंय का? चल." मेणबत्ती लावली, चिंधी बांधली, पिराला दमच भरला: "पोरगं परत पाठव. मी तुझं कधी काही देणं ठेवलंय का?"

चालताना जुनं सांगत होती. विशीत मोकरानची झोप गेली होती, महिनेन् महिने. भिंतींशी बोलायचा, ताटं फोडायचा. "किती दर्ग्यांचे उंबरे झिजवले मी! प्रत्येकाला काळी कोंबडी हवी. खुराडं रिकामं झालं माझं."

"मग बरा कसा झाला?"

"झाला," म्हणाली आणि भराभरा पुढे गेली.

येताना बंद चर्चवरून आलो. यम्माने दारावरच्या लाल लाखेला बोट लावलं, ते कपाळाला टेकवलं. दार दिसलं की हात लावायचा, सवयच तिची. मी लक्ष दिलं नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर

कडाक्याचं भांडण!

वकीलबाई सांगून गेल्या, शुक्र-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी प्रकरण कोर्टात जाणार. मग परतीचा रस्ता नाही. यम्माने कुसकुसची परात बाजूला सारली. "एक नाव. एवढंच हवंय ना त्यांना?"

"यम्मा, ते नाव नाही द्यायचं."

"का? माझा मुलगा आहे तिथे. थंडीत बसलाय फरशीवर. नाव द्यायचं नि त्याला आणायचं."

"दा बेलाइद म्हातारे आहेत, साखरेचा आजार आहे. मरतील आत!"

"आणि मी तरणी आहे होय?" हे काय उत्तर झालं? मी ओरडले, ती ओरडली. शेवटी म्हणाली, "तुम्ही शिकलेली माणसं. साधी गोष्ट कळत नाही तुम्हाला." दार आपटून नमाजाला गेली.

मला तिचा राग येतोय. आणि तिचं म्हणणं मनात घोळतंय, त्याचा जास्त राग येतोय. वकीलबाईंचा नंबर लावला, वाजायच्या आत कापला.

रविवार, १५ डिसेंबर

यम्मा घरात नाही! अंथरुणाची घडी घातलेली, पांढरी शाल खुंटीवर नाही. औडिया कुंपणावरून म्हणाली (कंबर सुधारलेली दिसते), "पहिल्याच गाडीने खाली गेली की. चौकीचा थांबा विचारत होती."

तशीच धावले दा बेलाइदांकडे. "निघा! बहिणीकडे जा. यम्मा नाव सांगायला गेलीय." ते अंजिरं निवडत होते. म्हणाले, "आई आहे ती. सांगितलं तर सांगू दे." उठायलाच तयार नाहीत! मी त्यांची पिशवी भरली, त्यांनी ती परत रिकामी केली. मग मीही तिथेच पायरीवर बसले. पोलिसांची गाडी येईल म्हणून वाट पाहत. नाही आली.

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन. हसताहेत की रडताहेत, कळेना. यम्मा थेट साहेबाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली म्हणे.

"माझ्या मुलाला तिकडे कोणी नेलं विचारताय ना? मी नेलं. हाताला धरून. झोप नव्हती त्याला. सात पीर करून झाले, मग तिथे नेलं. त्यांनी कोंबडीसुद्धा मागितली नाही! मी मागच्या बाकावर जपमाळ घेऊन बसायची, तो पुढे झोपी जायचा. घे लिहून."

साहेब म्हणाला, "यम्मा, घरी जा, काहीतरी बोलू नका."

"माझं पोर मी कुठे नेलं ते मला ठाऊक की तुला?"

म्हणून कान लाल! बेलाइदांना नाही, आईला झाकत होता. बारा वर्षं मला कळलं नाही. घरात दोघं गप्प आणि मी आपली शहाणी.

मंगळवार, १७ डिसेंबर

मोकरान घरी आला. एकटाच. नाव मिळालं म्हणून त्याला सोडलं, यम्माला ठेवून घेतलं.

जबाब मागे घ्या, दुसरं कुणाचं नाव घ्या आणि जा, असं तिला कालपासून सांगताहेत. यम्मा म्हणते, वय झालं, दुसरं नाव आठवत नाही. ब्लँकेट तिला पोचलं. जपमाळ मागवलीय. आणि मोकरानला निरोप: वरची फांदी राहिलीय.