कोणाकडचे पाहुणे

१२ ऑक्टोबर ८७, सोमवार
सकाळी कोसमटोल्याकडे गस्त. नाल्यापर्यंत गेलो, पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी फिरलो, परत. नक्षल्यांच्या दलमचा मागमूस नाही. हलका धान कापणीला आलाय, बांधाबांधाने चालताना बुटांना कणसं लागतात. ठवकर हवालदार मागून म्हणतात, "साहेब, हे नक्षलवाले काही भेटत नाही, पन धान लय झकास झाला औंदा." ठवकर कारध्याचे, वैनगंगेच्या काठचे. त्यांना जंगल मनापासून आवडत नाही. मला आवडतं. ठाणं माझ्याकडे आल्यापासून या भागात एकही गोळी झाडावी लागलेली नाही आणि त्यात थोडं तरी माझं डोकं आहे, असं माझं स्वतःचं मत.

ठाण्यावर आलो तर चिंचेखाली एक म्हातारी बसलेली. सुकवारोबाई, कोसमटोल्याची. शिपायांशी एक शब्द बोलली नाही. मला बघून म्हणाली, "मोठा तूच का?" म्हटलं, इथला मोठा मीच.

"माहा सोमा जंगलात हाय, मालूम हाय ना तुले? मले इचारून नाही गेला तो."

सोमा म्हणजे दोन वर्षांपासून दलममध्ये असलेला तिचा धाकटा. यादीवर आहे. मी खुर्ची दिली, ती जमिनीवरच बसली.

"मंडईले घरी येते तो. मंडईले कोनी बाहेर राह्यते का? येऊ दे. घरी जेवू दे. जेवला का मी सोता त्याले तुह्याजवळ आनतो. जेवल्याबिगर नाही." मंडई म्हणजे इकडची दिवाळीनंतरची गावजत्रा.

"आणि मी काय करायचं?"

"त्या दिसी गावात बंदुका नोको आनू."

म्हटलं, नाही आणणार. लगेच म्हटलं. विचार नंतर केला.

१४ ऑक्टो., बुध.
विचार करून पाहिला, तरी शब्द बरोबरच दिलाय. सोमाच्या नावावर खून नाही. तेंदूच्या गोदामाची आग, आणि फॉरेस्ट गार्डची बंदूक हिसकावली त्यात तो होता. जिवंत हाती आला तर पाच-सात वर्षांत सुटून घरी येईल. नाही आला तर एखाद्या नाल्यात पडेल. उन्हाळ्यात पलीकडच्या हद्दीत असाच एक पडला. त्याच्या बापाला मीच सांगायला गेलो होतो. पुन्हा जायचं नाही.

ओळख पटवायला फोटो नाही. सुकवारोबाईनेच सांगितलं, धान कापताना विळ्याने डाव्या हाताची करंगळी अर्धी गेली आहे. पोलिसाला आपल्या पोराची खूण सांगणारी आई मी पहिल्यांदा पाहिली.

ठ. ला सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत राहिले. मग, "शब्द तुमी देल्ला, साहेब. सरकारले इचारलं का?"
म्हटलं, सरकार म्हणजे मीच इथं.
"हो तं," म्हणाले, "पगारबी तुमीच देता."

१९ ऑक्टो., सोम.
तालुक्याला बैठक. मोठे साहेब आले होते. (मो. सा. घाटावरचे, या जिल्ह्यात येऊन वर्षही नाही. माणूस हुशार, मेहनती, चहा पीत नाही.) मी मोठ्या तोऱ्यात उठलो आणि सगळं मांडलं. आई स्वतः आणून देते, गोळी नाही, पळापळ नाही. म्हटलं, शाबासकी मिळेल.

मिळाली. "शाब्बास," म्हणाले, आणि नकाशा उघडला. तीस तारखेला कोसमटोल्याची मंडई. साध्या कपड्यातली माणसं गर्दीत सोडायची, घराभोवती पेरायची. दिसला की धरायचा. पळाला तर...

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरज नव्हती.

मी म्हटलं, सर, मी शब्द दिलाय. बंदूक गावात येणार नाही म्हणून.
"तुम्ही दिलाय. मी दिलेला नाही."

माझंच तोंड आधी उघडलं होतं, दोष कोणाला देऊ? राग आला. अजून आहे.

२२ ऑक्टो., गुरु.
दिवाळी. आमच्या घरी दिवाळी नसते, बाबांनी धम्म घेतल्यापासून बंद. पण माझ्या गावच्या, दिघोरीच्या मंडईला आमच्या अंगणातही पाहुण्यांच्या पंगती उठतात. आई वाट बघत असेल. यंदाही नाही जमणार. तिसरं वर्ष.

शिपायांना धोतरं, टोप्या, पंचे वाटले. मुख्यालयातून आलेली पोरं कोणी नांदेडची, कोणी साताऱ्याची. धोतर नेसून परेड केल्यासारखी चालतात. ठ. त्यांना शिकवत होते, "अबे, ढिला चाल. सासऱ्याकडे जेवाले जाऊन राह्यला, कवायतीले नाही." एकाचं धोतर सुटलं. सगळे हसले. मीही हसलो, पण मनात नाही.

२६ ऑक्टो., सोम.
सुकवारोबाई आली. मंडईचं आवतण द्यायला. दारात उभी राहून, "शुक्करवारी जेवाले ये माह्याकडे."

काय बोलावं? सांगितलं तर वर्दीशी बेइमानी. नाही सांगितलं तर पोरगं जाईल, आणि माझा शब्दही.

शेवटी म्हटलं, "मी नाही येऊ शकत, बाई. पण पाहुणे येतील. भात जास्त लाव."


"किती?"
"दहा-बारा."
"बंदुकवाले?"

मी टेबलावरचे कागद नीट लावू लागलो. तिने पदर खोचला. "मंडईत पावन्याले नाही म्हनत नाही कोनी," म्हणाली आणि गेली.

मी काय केलं हे मला कळत नाही. म्हणजे कळतं. केलं ते केलं.

२८ ऑक्टो., बुध.
तिला सांगितलं हे ठ. ला अजून बोललो नाही. पण त्यांना माहीत आहे. चहा देताना आज साखर जास्त घातली होती. इतकी साखर ते फक्त कोणी आजारी असलं की घालतात.

३० ऑक्टो., शुक्र.
लिहितोच सगळं, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही.

मो. सा., मी आणि जीप गावाबाहेर शाळेच्या मागे. सकाळपासून पाव्हण्यांच्या बैलगाड्या, सायकली, डोक्यावर टोपल्या. दुपारी गोवाऱ्यांची ढाल निघाली, मोरपिसं लावलेला उंच बांबू घरांच्या कौलांवरून फिरताना शाळेतून दिसत होता. घुंगरांचा आवाज. मग चावडीपुढे दंडारीचा खेळ सुरू झाला, ढोलकी, टाळ्या. आमची माणसं आत. मो. सा. दर थोड्या वेळाने घड्याळ बघत. मी ढाल बघत होतो. ढाल पळायला लागली की समजायचं, गोळी चालली.

ढाल पळाली नाही. ऊन उतरल्यावर आमची पलटण शाळेकडे आली. हळूहळू. पोटावर हात ठेवून.

पुढे काय झालं ते नांदेडच्या पोराने सांगितलं. ते गावात शिरले, तोच पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "कोनाकडचे पावने?"

हीच ती गोष्ट. मो. सा. ना मी बैठकीतच सांगायला हवी होती, पण मलाही सुचली नाही, मी इथलाच असून. मंडईला माणूस मंडई बघायला येत नाही, कोणाच्या तरी घरी येतो. आत्याकडे, साळ्याकडे, व्याह्याकडे. ज्याला घर नाही तो मंडईत दिसतो, कपडे कोणतेही असोत. पोरगा म्हणाला, "असंच, बघायला." म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. तिकडे साताऱ्याच्या दोघांनाही तेच विचारलं होतं, त्यांचीही बोबडी वळलेली.

तेवढ्यात सुकवारोबाई आली. "माह्याकडचे हायेत," म्हणाली. एकेकाला शोधून काढलं तिने. घराच्या मागे लपलेल्या दोघांनाही. "कायले भिंतीच्या आड उभे हा? चला, हात-पाय धुवा." सगळ्या गावासमोर. नाही कसं म्हणणार? ज्या घराभोवती पेरलं होतं, त्याच घराच्या अंगणात सगळे एका रांगेत पत्रावळीवर बसले.

कमरेला पिस्तूल बांधून मांडी घालता येत नाही. कोणी एका कुल्ल्यावर, कोणी पाय लांब करून. गावाला तेव्हाच कळलं असेल. पण कोणी काही बोललं नाही. पाहुणे ते पाहुणे. भात, वडे, कोंबड्याचा रस्सा. उठू म्हणाले की पुन्हा वाढणं.

मो. सा. नी विचारलं, "संशयित?"
"नाही सर. घरात म्हातारा, म्हातारी, नातेवाईक. वाढायला एक पोरगा होता. चांगला होता, सर. हसतमुख. भात घ्याच घ्याच करून दोनदा वाढला."

मो. सा. जीपकडे वळले. मी त्या शिपायाला बाजूला घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, कोणत्या हाताने वाढत होता रे?
"उजव्या. डाव्यात भाताची टोपली. करंगळी तुटकी होती बिचाऱ्याची."

मो. सा. नी वाटेत विचारलं, तुमचा अंदाज चुकला म्हणायचं? म्हटलं, सर, चुकला.

३१ ऑक्टो., शनि.
झोप छान लागली. खोटं कशाला बोलू. गोळी चालली नाही, पोरगं जिवंत आहे, दहा पोलिसांच्या तोंडाशी वाकून भात वाढून गेलं. हिंमत बघा.

पण दुसरी बाजूही आहे. तो परत जंगलात गेला. उद्या त्याच्या हातून एखादा शिपाई मेला, तर त्या शिपायाच्या घरी सांगायला मी कोणत्या तोंडाने जाईन? काल जीपमध्ये दोन शब्द बोललो असतो तर धरता आला असता. बोललो नाही. म्हणजे आता तो माझ्या अंगावर आहे.

दुपारी ठ. ला सगळं सांगितलं. करंगळीसकट. म्हणाले, "मले कालच मालूम होतं. पोरं जेवून आले, पन कोनी घाबरून नाही आले. घरचा कोनीतरी आपुलकीनं वाढत असन तेव्हाच असं होते."

६ नोव्हेंबर, शुक्र.
आली. मी रोज चिंचेकडे बघत होतोच. आल्या आल्या मीच म्हटलं, बाई, जेवला की आणीन म्हणाली होतीस.

"जेवला कुठी?"
"म्हणजे?"
"घरचा वाढनारा पावन्याच्या पंगतीत बसते का? तुह्या मायनं असंच शिकवलं का तुले? तुह्ये पावने उठता उठत नोयते. ते उठले तं तुह्या गाडीचा आवाज आला. तो उपाशीच गेला."

हे म्हणताना पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. दहा परक्यांना जेवू घातलं आणि पोटचा पोरगा उपाशी. मला इतकं वाईट वाटलं की मी तिची माफी मागितली. एका यादीवरच्या इसमाच्या आईची. मो. सा. नी ऐकलं असतं तर बदली.

तिने डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलली. बाई पक्की आहे.
"माही बात तशीच हाय. जेवला का आनतो. मंगळवारी माह्या भावाकडची मंडई. तिथं तो भाचा हाय. भाचा वाढत नाही, पयल्या पंगतीले बसते. तू ये. एकटा. कोनी इचारलं तं माहं नाव सांग."

"तो कबूल आहे?"

"तो काय बोलला ते माह्यापाशी हाय. तू ये अन् बाजूले बस. जेवनावरून उठलेला मानूस मले खोटं नाही बोलत."

म्हणजे कबूल आहे की नाही, सांगितलं नाहीच.

८ नोव्हें., रवि.
बिनतारीवर मो. सा.: काही हालचाल? म्हटलं, काही नाही सर, गावोगावी मंडया चालू आहेत. म्हणाले, आता मंडयांचं नाव काढू नका.
बरं, नाही काढत.

९ नोव्हें., सोम.
जाणार. ठरलं. साप्ताहिक सुट्टी टाकली, कारण: नातेवाइकांकडे कार्यक्रम.

ठ. दिवसभर मागे. "दलम पूरं तिथं असन तं?" असेल. "तुमाले उचलून नेलं तं?" नेतील. "मी येतो संग." म्हटलं, तुम्ही कोणाकडचे पाहुणे?

भीती नाही असं नाही. पण मला त्या पोराबद्दल खात्री वाटते. पकडायला आलेल्यांना ज्याने हाताने भात वाढला, तो त्याच आईच्या समोर पत्रावळीवर दगा करेल असं मला वाटत नाही. चुकलो तर चुकलो. बुधवारपासून ठ. हे ठाणं सांभाळतील, आणि चहात साखर नीट घालतील.

पिस्तूल कपाटात ठेवून किल्ली त्यांच्या हातात दिली. ते किल्लीकडे बघत म्हणाले, "अन् साहेब, त्यानं आनलं तं?"

म्हटलं, तर त्याला मांडी घालता येणार नाही. मी बाजूलाच असेन, कळेल मला.

ठ. हसले नाहीत. संध्याकाळी मात्र स्वतःचं धोतर धुवून माझ्यासाठी दोरीवर वाळत घातलंय.